येळवशीचं ताक

लातूर जिल्हा झाला आणि अहमदपूरच्या अडत बाजारातल्या माणसांना शिंगं फुटली. कालपर्यंत हीच माणसं कोर्टाच्या तारखेला उस्मानाबाद गाठायला एसटीत डुलक्या घेत जायची. आता पाट्यांवर 'जिल्हा लातूर' अशी ताजी अक्षरं उमटली, तर प्रत्येकाच्या घरात कलेक्टर जन्माला आल्यासारखी छाती काढून चालू लागली. त्या साली पाऊस पडला नव्हता. ज्वारी गुडघ्याला येऊन करपली होती, विहिरींचे तळ दिसत होते, दावणी रिकाम्या होऊन जनावरं बाजाराला गेली होती. पण जिल्हा झाला होता ना. पोट रिकामं असलं तरी माणसाला मिरवायला काहीतरी लागतंच.

त्यातलं सगळ्यांत मोठं शिंग शंकरप्पाला फुटलं होतं. शंकरप्पाचं बाजारात भुसाराचं दुकान, लातूर रस्त्याला लागून वडिलोपार्जित शेत, आणि गावच्या तालमीचं अध्यक्षपद. स्वतः तो जन्मात कधी लंगोट कसून मातीत उतरला नव्हता. दुकानाची पायरी उतरताना त्याला धाप लागायची. पण कुस्तीचा विषय निघाला की गल्ल्यावर बसल्या बसल्या तो असे काही डाव सांगायचा की गिऱ्हाईक तूरडाळ विसरून ऐकत राहायचं. गावचा ज्ञानोबा पहिलवान हा त्याचा जीव की प्राण. ज्ञानोबा पोरसवदा होता तेव्हापासून शंकरप्पाच्या घरचं दूध पिऊन वाढलेला. शंकरप्पाची आई, कमलम्मा, स्वतःच्या हाताने त्याला तांब्या भरून द्यायची. त्यामुळे ज्ञानोबाने कुणाला चितपट केलं की शंकरप्पाला वाटायचं, आपणच केलं. बघ्यांचं हे असंच असतं. घाम दुसऱ्याचा, माज आपला.

तर त्या साली लातूरला कुस्त्यांचा मोठा फड ठरला. ज्ञानोबा अहमदपूरकर विरुद्ध लिंबाजी मुदखेडकर. म्हणजे लातूर विरुद्ध नांदेड. नवा जिल्हा विरुद्ध जुना. तिकीट लावून, मैदानाला पत्रे ठोकून, भोंगा लावलेल्या जीपगाड्या गावोगाव फिरवून. हे सगळं जमवणारा कंत्राटदार होता पुण्याकडचा. त्याने लातूरच्या सुट्ट्या विचारल्या, कुणीतरी सांगितलं की अमुक अमावस्येला कलेक्टरसाहेब जिल्ह्याला सुट्टी देणार आहेत. गडी खूश झाला. सुट्टी म्हणजे गर्दी, एवढंच त्याला ठाऊक. त्याने तीच तारीख छापून टाकली.

ती अमावस्या म्हणजे येळवस. वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर भागात घरात माणूस शोधून सापडत नाही. दुकानं बंद, हॉटेलं बंद, बाजारात चिटपाखरू नसतं, कारण झाडून सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करायची, तिच्यात पाच दगडांना चुना लावून पाच पांडव मांडायचे, भाज्या-दाणे मिसळून शिजवलेली भज्जी, ज्वारीचे उंडे, खीर, तिळाची पोळी आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली माठभर आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा. मग घरातल्या कर्त्याने 'ओलगे, ओलगे' अशी आरोळी देत आंबील शिंपडत पिकाला फेरी घालायची, मागून घरच्यांनी ओ द्यायची, आणि त्यानंतर सगळ्या गोताने मांडीला मांडी लावून जेवायचं. वाटेने जाणाऱ्यालाही हाताला धरून बसवायचं. लेकी माहेरी येतात, भांडलेले भाऊ एका पत्रावळीवर बसतात. बाकी सण देवाचे, येळवस माणसांची.

पहिल्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा बाजार थोडा बिचकला. येळवशीला कुस्ती? असं कसं? दोघा-तिघांनी तारीख बदलून घ्यायची भाषा केली. तेवढ्यात शेजारचा कापडवाला संगप्पा बातमी घेऊन आला.

"नांदेडवाले ट्रक भरून यायलेत म्हनं. त्यांच्याकडं कुठं आलीय आपल्यावानी येळवस. आपन वावरात भज्जी खात बसू अन् हिकडं मैदानभर लिंबाजीच्या नावाची बोंब."

झालं. एवढं पुरलं. त्या कंत्राटदाराला कुणी शिवी दिली नाही, आमच्या सणावर तुझी गाडी घालू नको असं कुणी कागदाच्या कपट्यावर लिहून पाठवलं नाही. उलट येळवस लवकर कशी उरकता येईल याची बोलणी सुरू झाली. शंकरप्पाने गल्ल्यावर हात आपटला आणि म्हणाला, "जिल्ह्याच्या इज्जतीचा सवाल हाय. बायापोरं जातील वावरात. आपन मैदानात." आणि चांगली पन्नाशीची, नातवंडं असलेली माणसं माना डोलवत घरी गेली.

घरी कमलम्मा ज्वारीचं पीठ चाळत बसली होती. शंकरप्पाचे वडील त्याच वर्षी आषाढात गेले होते. पाऊस येईल येईल म्हणत आभाळाकडे बघतच गेले. त्यांच्या माघारी ही पहिली येळवस. म्हातारी वरून शांत होती, पण मनात एकच गोष्ट धरून बसली होती. शेताला फेरी घालायची पाळी आता शंकरप्पाची होती. बापाच्या जागी लेकाने पहिल्यांदा आंबील शिंपडली की शेताला नवा धनी कळतो, असं ती मानायची. आणि करपलेलं का असेना, पीक उभं आहे तोवर ते झालं पाहिजे, असा तिचा हट्ट होता.

"शंकर, औंदा तुला शिंपायचंय," ती म्हणाली. "तुझ्या अप्पानं उभ्या जन्मात एक साल चुकवलं न्हाई. मोडल्या पायानं काठी टेकीत फिरले, पर फिरले."

"हाव अव्वा. म्या हाय की. कुस्ती दोपारच्याला हाय. दिवस मावळायच्या आत वावरात येतो."

"येळवशीला कुस्ती?"

"आता ठरलंय त्याला काय करावं. जिल्ह्याची इज्जत हाय."

कमलम्माने चाळणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. मग काही न बोलता पुन्हा पीठ चाळायला लागली. तिचा हा न बोलण्याचा स्वभाव शंकरप्पाला फार सोयीचा होता. बोलली नाही म्हणजे तिला पटलं, असं तो आयुष्यभर समजत आला होता.

आंबील ताकाशिवाय होत नाही, आणि त्या साली ताक म्हणजे दुर्मिळ गोष्ट झाली होती. घरची म्हैस पोळ्याच्या आधीच विकली होती. गावात दुभती जनावरं उरली होती ती हाडांच्या सापळ्यासारखी. तर ही म्हातारी हातात गडवा घेऊन घरोघर फिरली. येळवशीच्या आंबिलीला ताक मागायला आलेल्या बाईला नाही म्हणायची रीत नाही, आणि ते विकतही देत नाहीत. कुणी वाटीभर दिलं, कुणी पळीभर. एका घरी लेकरासाठी ठेवलेलं होतं, त्यातलं अर्धं त्या बाईने ओतलं. "मामा गेल्यावरची पहिली येळवस हाय तुमची, न्या," म्हणाली. असं थोडं थोडं करून माठ गळ्यापर्यंत आला. कमलम्माने त्यावर ओलं फडकं बांधून तो कोपऱ्यात, मांजर पोचणार नाही असा ठेवला. जाता-येता तिचा हात त्या फडक्यावरून फिरायचा.

येळवशीच्या आदल्या दिवशी दुपारी संगप्पा धापा टाकत दुकानात आला. लातूरला कुस्तीचा हौद तयार होत होता. लाल माती आली होती, आता तिच्यात तेल, हळद, लिंबू आणि ताक घालून ती मळायची होती. असल्या मोठ्या कुस्तीला ज्याच्या त्याच्या गावाहून हौदात काहीतरी पडतं. आपल्या पहिलवानाला माती साथ देते म्हणतात.

"नांदेडवाल्यांनी तेलाचे डबे आनले," संगप्पा म्हणाला. "वर विचारायलेत, अहमदपूरचं काय हाय? आपल्याकडं काय हाय शंकरप्पा? लिंबं तेवढी हायेत. ताक कुठून आनावं?"

ताक कुठे आहे हे शंकरप्पाला माहीत होतं. क्षणभर, खरंच क्षणभरच, त्याच्या डोळ्यांपुढे ते ओलं फडकं आलं. मग त्याच्या डोळ्यांपुढे आलं की लातूरच्या भर मैदानात भोंग्यावरून पुकारताहेत, 'अहमदपूर तालमीचे अध्यक्ष शंकरप्पा यांच्याकडून हौदाला ताक.' आणि दुसऱ्या चित्राने पहिल्याला चितपट केलं.

घरी कमलम्मा आंघोळीला गेली होती. माठ उचलताना बायकोने, नीलाबाईने, त्याला पाहिलं.

"आवं, काय करायलाव? त्ये आत्याबाईंचं ताक हाय. गावभर हिंडून आनलंय त्यांनी."

"माहीत हाय. उद्या फाटंच लातूरहून डेअरीचं कॅन भरून धाडतो. कुनातरी संगं वावरात पोचतं करतो. ताकावर काय नाव लिहिलेलं असतंय व्हय?"

"त्यांना विचारून तरी न्या."

"तू सांग," शंकरप्पा म्हणाला आणि माठ मांडीवर घेऊन बाजारातल्या माणसांनी लातूरला न्यायला ठरवलेल्या ट्रकमध्ये बसला.

संध्याकाळी लातूरच्या मैदानात तो माठ हौदात उपडा झाला. भोंग्यावरून नाव पुकारलं, पण ते अर्धवटच ऐकू आलं, कारण त्याच वेळी कुणीतरी हलगीवाल्यांना वाजवायला सांगितलं. पांढरं ताक लाल मातीवर पसरलं, थोडं फेसाळलं, आणि माती इतकी कोरडी होती की बघता बघता जिरून गेलं. चार माणसं त्यावर पाय देऊन फावड्याने वरखाली करू लागली. शंकरप्पाच्या मनात आलं होतं त्यापेक्षा हे सगळं फार लवकर संपलं.

रात्री ट्रकने आलेले सगळे अहमदपूरकर एका ओळखीच्या अडत्याच्या ओसरीवर पडले. सकाळी उठून शंकरप्पा ताकाचं कॅन शोधायला निघाला आणि तेव्हा त्याला कळलं की आपण काय केलं. डेअरीला कुलूप. हॉटेलांच्या फळ्या लागलेल्या. गंजगोलाईच्या भर बाजारपेठेत एक कुत्रं ऊन खात पडलेलं. लातूरची येळवस लातूरच्या माणसाने विसरावी, याला काय म्हणावं. जन्मल्यापासून दर येळवशीला हे शहर असंच ओस पडतं हे त्याने ऐकलं होतं, आणि तरी इथे ताक विकत मिळेल म्हणून तो घरचं ताक घेऊन आला होता. एका घराचं दार उघडं दिसलं म्हणून आत डोकावला, तर एक म्हातारा खाटेवर एकटाच. "समदे वावरात गेलेत," तो म्हणाला, "तुमी कामून हिंडायलाव?"

शंकरप्पा तसाच मागे फिरला. आता गावाकडे परतावं आणि अव्वापुढे उभं राहावं, असंही त्याच्या मनात आलं. एसटी अकराला होती. पण मग कुस्ती गेली असती. कुस्ती जिंकूनच जाऊ, त्याने ठरवलं. ज्ञानोबा जिंकला की अव्वाला सांगता येईल, ताक सत्कारणी लागलं. माणूस एकदा घसरायला लागला की त्याला पुढचा उतारच सपाट वाटतो.

मैदान दुपारपर्यंत भरलं. नांदेडचे ट्रक आले होतेच, पण लातूरकरही काही कमी नव्हते. कुणी पहाटे पांडव मांडून आला होता, कुणी तेही न करता. एकाच्या हातात फडक्यात बांधलेले उंडे होते आणि तो ते एकटाच, पाठ फिरवून खात होता. येळवशीचा घास एकटा खाणारा माणूस शंकरप्पाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्याने मान वळवली.

धूळ उडू नये म्हणून मैदानावर पाण्याचा टँकर फिरत होता. पत्र्यांच्या पलीकडच्या वस्तीतल्या बाया ते बघून घागरी, डबे घेऊन पळत आल्या. नळाला कित्येक दिवसांत पाणी नव्हतं. टँकरच्या मागच्या नळाखाली त्या घागरी धरू लागल्या, धक्काबुक्की झाली, एकीचं लेकरू खाली पडलं. आणि गर्दीतून आवाज काय आले? "ए बाई, बाजूला सर, दिसंना झालंय." त्यात अहमदपूरचे होते, नांदेडचे होते. दोन जिल्ह्यांची पहिल्यांदा एका गोष्टीवर एकी झाली ती ही. संगप्पाही ओरडला. शंकरप्पा ओरडला नाही, एवढंच त्याच्या बाजूने सांगता येईल.

मग हलगी कडाडली आणि मोठी कुस्ती लागली. ज्ञानोबाने हौदातली माती कपाळाला लावली, शड्डू ठोकला. शंकरप्पा पुढे सरकून बसला. त्या मातीत आपलं ताक आहे, त्याला वाटलं, आणि पहिल्यांदा सकाळपासूनचं ओझं थोडं हललं.

पहिली पाच-दहा मिनिटं खडाखडी झाली. मानेवर हात, कपाळाला कपाळ, मागे रेटणं, पुढे रेटणं. गर्दी घसा फोडून ओरडत होती. मग लिंबाजीचा पाय मोकळा पडला, अगदी ताटात वाढल्यासारखा, आणि ज्ञानोबाने खाली वाकून तो धरला. आता पट निघणार म्हणून शंकरप्पा उभा राहिला. ज्ञानोबाने पाय धरला, आणि सोडून दिला.

शंकरप्पा कुस्ती खेळला नव्हता, पण आयुष्यभर त्याने दुसरं काही पाहिलंही नव्हतं. धरलेला पाय निसटतो कसा आणि सोडतात कसा, हे त्याला कळत होतं. तो बघत राहिला. थोड्या वेळाने लिंबाजीने मागून कमरेला मिठी घातली. उचलायचं सोडून तो ज्ञानोबाच्या कानात काहीतरी बोलला, आणि ज्ञानोबाच्या ओठांचा कोपरा हलला. तो हसला होता. भर हौदात, दोन जिल्ह्यांची माणसं छाती बडवून घेत असताना, ते दोघे काहीतरी गंमत सांगत होते. त्यांच्या अंगाला पुरता घामही नव्हता. कंत्राटदार हातातल्या घड्याळाकडे बघत होता. त्याने मान हलवली, पंचाने शिट्टी फुंकली आणि दोघांचे हात वर केले.

"बरोबरीत," भोंगा म्हणाला. "फैसला पुढल्या साली, याच दिवशी, याच मैदानात."

चपला उडाल्या. पत्रे वाजायला लागले, बाकं मोडली, ढेकळं आली. खरं तर सगळ्यांनी मिळून कंत्राटदाराची मानगूट धरायला हवी होती. पण नांदेडवाले म्हणाले, तुमच्या ज्ञानोबानं लिंबाजीला घाबरून कुस्ती सोडवून घेतली. अहमदपूरवाले म्हणाले, तुमच्या लिंबाजीनं. आणि दोन्ही बाजू एकमेकांवर तुटून पडल्या. ज्यांनी फसवलं ते तिघे, कंत्राटदार आणि दोन्ही पहिलवान, तेवढ्यात मागच्या बाजूने जीपमध्ये बसून निघूनही गेले. ज्यांना फसवलं ते एकमेकांचे सदरे फाडत राहिले.

शंकरप्पा हौदात उतरला होता. कसा उतरला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. पंच पळाला त्या दिशेने तो मुठी भरभरून माती फेकत होता. फेकता फेकता थांबला. माती हाताला चिकटत होती, आणि तिला वास येत होता. आंबट, ओळखीचा. कोपऱ्यातल्या माठावरचं फडकं उचललं की यायचा तो. त्याने धोतराला हात पुसले. वास गेला नाही. त्याला खरोखर मळमळायला लागलं, आणि तो हौदाच्या काठावर डोकं धरून बसला.

परतीच्या ट्रकमध्ये सगळे शिव्या देत होते. ज्ञानोबाला, त्याच्या खानदानाला, ज्याने त्याला दूध पाजलं त्यालाही. ते म्हणताना कुणाला शंकरप्पाची आठवण राहिली नव्हती. "ह्या हरामखोराला गावात पाय ठिवू द्यायचा न्हाई," संगप्पा म्हणाला. त्याच्या सदऱ्याची बाही फाटून लोंबत होती. "समोर दिसला तर तंगडी मोडतो." सगळ्यांनी होकार दिला. शंकरप्पा हात मांडीवर उताणे ठेवून बसला होता. सूर्य कलला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतांमधून कोपी दिसत होत्या, आणि करपलेल्या ज्वारीतसुद्धा माणसं गोल करून बसली होती.

त्याच्या शेताशी ट्रक थांबला तेव्हा बांधाला एक जीप उभी होती. भोंगा लावलेली.

कोपीपुढे घोंगडी अंथरली होती आणि तिच्यावर तिघे जेवत होते. मध्ये कंत्राटदार, एका बाजूला ज्ञानोबा, दुसऱ्या बाजूला लिंबाजी. लातूरपासून इथपर्यंत एक हॉटेल उघडं मिळालं नव्हतं, आणि ज्ञानोबाला हे वावर ओळखीचं होतं. येळवशीला आलेल्या माणसाला कोण हाकलणार? कमलम्मा वाकून त्यांना भज्जी वाढत होती. ती स्वतः सकाळपासून जेवली नव्हती. शेताला फेरी झाल्याशिवाय घरचं माणूस जेवत नाही. नीलाबाई पोरांना जवळ घेऊन बाजूला बसली होती. पोरंही तशीच होती, उपाशी, परक्यांचं जेवण बघत.

"या मालक," ज्ञानोबा तोंडातला घास न गिळता म्हणाला. "रागावू नका. हे धंद्याचं हाय. आज निकाल लागला तर पुढल्या साली कोन बघाया येईल?"

लिंबाजी हसला. त्याने तिळाची पोळी मोडली, अर्धी ज्ञानोबाच्या पत्रावळीवर टाकली. हे दोघे जन्माचे वैरी म्हणून इतके दिवस बाजार ज्यांच्यावरून भांडला, ते एकमेकांच्या ताटातलं खात होते. कंत्राटदाराने लांबलचक ढेकर दिला आणि भज्जीचा हात कोपीच्या कडब्याला पुसला.

शंकरप्पाने मागे पाहिलं. त्याला वाटलं, आता ट्रकमधली माणसं उतरतील आणि ह्यांची तंगडी मोडतील. माणसं उतरली. बांध ओलांडून आली, घोंगडीभोवती उभी राहिली, आणि थोडी घुटमळली. मग संगप्पा उकिडवा बसला, ज्ञानोबाच्या दंडाला हात लावून बघितला, आणि म्हणाला, "पर पुढल्या साली ढाक मारा पहिलवान. त्याचा डावा पाय कच्चा हाय." दुसऱ्या कुणी विचारलं की तिकिटं आधी मिळतील का. फाटलेली बाही तशीच लोंबत होती. शंकरप्पा त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला त्या तिघांपेक्षा ह्यांची जास्त शिसारी आली. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की आपल्याही जिभेवर एक प्रश्न येऊन थांबला आहे. पुढल्या साली खरी लढाल ना? तो प्रश्न त्याने गिळला, आणि तो गिळताना जे वाटलं त्याला किळस याशिवाय दुसरा शब्द नाही.

"माय, आंबील न्हाई व्हय?" लिंबाजीने विचारलं. "येळवस अन् आंबील न्हाई?"

कमलम्मा सरळ उभी राहिली. दिवसभरात ती पहिल्यांदा लेकाकडे बघत होती. पण बोलली ती पाहुण्यांशी.

"व्हती की. गावानं दिलं व्हतं ताक. माझ्या लेकानं तुमच्या पायाखाली वतलं."

"अस्सं व्हय," ज्ञानोबा म्हणाला. "तरीच. माती लई नरम झालती आज." आणि त्याने भज्जीचा पुढचा घास उचलला.

कमलम्माने कोपीतून एक रिकामी घागर उचलली. तिच्या तळाशी प्यायला आणलेलं पाणी थोडं उरलं होतं. ती घेऊन ती शंकरप्पापुढे आली.

"हात बघू."

त्याने लहान मुलासारखे हात पुढे केले. नखांत, रेषांत, मनगटापर्यंत लाल माती वाळली होती. म्हातारीने ते नाकाजवळ नेले, हुंगले आणि खाली सोडले.

"ह्यात धू."

"अव्वा..."

"धू म्हनते. ताक त्याच मातीत हाय न्हवं? दुसरं कुठून आनू म्या?"

त्याने घागरीत हात घालून धुतले. पाणी गढूळ लाल झालं आणि तो वास पुन्हा वर आला. कमलम्माने ज्वारीची दोन वाळली पानं त्याच्या ओल्या मुठीत दिली.

"जा. दिवस मावळाय लागला. शिंप."

शंकरप्पा घागर कमरेला लावून ज्वारीत शिरला. पानं पायाला लागून कागदासारखी वाजत होती. पहिल्या कोपऱ्यावर त्याने ते लाल पाणी शिंपडलं आणि बाप द्यायचा तशी आरोळी दिली, "ओलगे, ओलगे." आवाज नीट निघाला नाही. मागून घरच्यांची ओ यायला हवी होती. नीलाबाई गप्प होती, पोरं गप्प होती. कमलम्मा पाठ फिरवून पांडवांपुढे बसली होती.

ओ आली ती घोंगडीकडून. संगप्पा आणि ट्रकमधल्या माणसांना गंमत वाटली असावी. त्यांनी कुस्तीच्या मैदानात मारतात तशी शिट्टी मारली, कुणीतरी शड्डू ठोकला, आणि कुणीतरी ओरडलं, "हाण शंकरप्पा."

त्याने मागे पाहिलं नाही. घागरीतलं पाणी संपेपर्यंत तो चालला, प्रत्येक कोपऱ्यावर तीच आरोळी देत, आणि प्रत्येक वेळी तीच शिट्टी ऐकत. शेवटच्या कोपऱ्यावर बांधाला टेकून तो ओकला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, त्यामुळे नुसतं आंबट पाणी पडलं. जमिनीने ते लगेच शोषून घेतलं.